सुनयनाबाईंच्या कपाटाची सद्यस्थिती

गुरुदास शिरस्तेदार आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, आणि तेही एका कपाटाविषयी. अगदी पहिलंच, असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. तालुका कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला 'साहेब आत्ताच फिरतीवर गेले' हे अधूनमधून म्हणावंच लागतं. पण ते सरकारी खोटं, त्याचं पाप सरकारला. शिवाय ते तोंडी. कागदावर मात्र त्यांनी उभ्या नोकरीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं, आणि याचा त्यांना इतका अभिमान होता की निरोप समारंभात दुसरं कुणी बोलेना म्हणून स्वतःच उठून त्यांनी ते सांगून टाकलं.

"कपाटाखाली जरा भुस्सा पडलाय," ते फोनवर बायकोला म्हणाले.

कपाटाखाली काही म्हणजे काही पडलं नव्हतं. कर्नाटकच्या हद्दीतल्या रामनगरच्या घरातल्या मधल्या खोलीत ते नेहमीसारखं छाती काढून उभं होतं. काळंभोर शिसवी लाकूड, माणसाच्या डोक्यावर हातभर उंच, आणि दोन्ही दारांवर पांढऱ्या जडावाची वेल. लाकूड कोरून त्यात पांढरे तुकडे असे बसवलेले की मध्ये नखसुद्धा अडकू नये. वेलीवर एकेका दारात एकेक पोपट. सुनयनाबाईंच्या पणजोबांनी म्हणे हे कपाट घाटाखालून, गोव्यातल्या कुणा जमीनदाराच्या घरातून घेतलं आणि आठ माणसांच्या खांद्यावरून आपल्या गावी, दिग्गीपर्यंत, चढवून आणलं. पांढऱ्या तुकड्यांना अख्खी दिग्गी हस्तिदंत म्हणत असे. लग्नात ते सुनयनाबाईंबरोबर आलं, आणि पुढची निदान दहा वर्षं 'आमी हत्तीच्या दाताचं कपाट दिलंय' हे गुरुदासरावांना प्रत्येक सणाला जेवणाबरोबर वाढलं गेलं.

आता असल्या धडधाकट कपाटावर असा आळ का घ्यावा? तर सुनयनाबाई पुण्याला गेल्या होत्या. मुलगी प्रियांका बाळंत व्हायची होती, म्हणून सव्वा महिन्यासाठी गेल्या. सव्वाचे तीन झाले. मग नातीला सर्दी झाली, मग प्रियांकाचं ऑफिस सुरू झालं, मग पोरीला सांभाळायला ठेवलेली बाई न सांगता गावी निघून गेली, आणि बघता बघता आठ महिने झाले. पोरगी बसायला लागली, तिला दात आला. गुरुदासरावांच्या घरात मात्र काहीच नवीन होईना.

पहिला महिनाभर ते खुशीत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आंघोळीआधी चहा, चहाआधी पेपर, पंचा वाट्टेल तिथे. मग घर मोठं वाटायला लागलं. सुनयनाबाई दुपारी चारला कपाट उघडायच्या तेव्हा त्याचं डावं दार लांबलचक कुरकुरायचं. 'त्याला तेल घाल गं जरा,' असं गुरुदासराव तीस वर्षं ओरडत आले होते. आता रोज चारच्या सुमाराला ते स्वतःच जाऊन ते दार एकदा उघडत आणि एकदा लावत. दाराला तेल घातलं गेलं नाही हे किती बरं झालं, असं त्यांना वाटे.

'तू ये' एवढं म्हणायचं होतं. पण ज्या माणसाने जन्मभर 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही, त्याच्या तोंडातून दोन शब्दांचं वाक्य निघणं कठीण. रोज अडीचला फोन यायचा. "जेवलासा?" "जेवलो." "काय केलता?" "भात, आमटी." "कपाट बरं हाय न्हवं?" "बरंय." "ठेवू?" "ठेव." त्या 'ठेव'मध्ये ते काय काय घालायचे, पण पुण्यापर्यंत त्यातलं काही पोचत नसे.

म्हणून त्या मंगळवारी त्यांनी भुस्सा पाडला.

"भुस्सा? असा कसा भुस्सा?" सुनयनाबाईंचा आवाज एकदम जवळ आला. "कुठल्या बाजूला? खाली वाकून बघा की. बॅटरी लावा." गुरुदासराव खरोखरच गुडघ्यांवर बसले, बॅटरी लावली आणि स्वच्छ लादीकडे बघत भुश्शाचं वर्णन करत राहिले. फोन ठेवला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. आठ महिन्यांत इतका वेळ त्या बोलल्या नव्हत्या. गुरुदासराव गुडघे चोळत उठले ते गाणं गुणगुणतच.

माणसाला चटक लागते ती अशी. बुधवारी भुस्सा वाढला. शुक्रवारी डावं दार लोंबलं. रविवारी पोपटाच्या शेपटीतला एक तुकडा सैल झाला आणि त्या दिवशी तब्बल पंचवीस मिनिटं बोलणं झालं. आता एवढ्यावर ही निघून येईल, गुरुदासरावांनी हिशेब केला. दिग्गीचं कपाट म्हणजे तिचं माहेर. माहेराला कीड लागली म्हटल्यावर कुठली बाई पुण्यात बसून राहील?

सोमवारी दारात सुनयनाबाई नव्हत्या, शेजारची दीपाली होती. दीपाली ब्लाऊज शिवते आणि गळ्यातली टेप न काढता गावभर फिरते. "काका, काकींचा फोन आलता. म्हणल्या, जरा बघून ये. भुस्सा कुठं हाय?"

"आत्ताच झाडला," गुरुदासराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत परत पडेल."

मग दुपारी ते फर्निचरवाल्याकडून पुडीभर भुस्सा घेऊन आले. तालुक्याचा निवृत्त शिरस्तेदार कागदाच्या पुडीत भुस्सा घेऊन, ओळखीच्या लोकांना चुकवत, देवळामागून घरी येतोय, हे दृश्य त्यांना स्वतःलाच बघवेना. भुस्सा व्यवस्थित पेरला. संध्याकाळी दीपालीने तो चिमटीत धरला, उजेडाकडे नेला.

"काका, कपाट काळं आणि भुस्सा पिवळा कसा?"

"आतून पिवळं असेल," गुरुदासराव म्हणाले.

दीपालीचा चेहरा पडला. "म्हंजे पार गाभ्यात शिरलंय व्हय!" आणि तिने तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. "काकी, गाभ्यात गेलंय. वरनं कळत न्हाई, पन आतनं संपलंय बघा."

त्यानंतर मधली खोली ही खोली राहिली नाही, तो एक चौक झाला. जो तो येऊन कपाटाला टिचकी मारून ऐके आणि मान हलवी. एकाने कडुनिंबाची धुरी सांगितली, एकाने मीठ, एकाने उळवीच्या जत्रेतला अंगारा. एका सद्गृहस्थाने कपाट महिनाभर उन्हात ठेवायला सांगितलं आणि त्याच्या शेजारी बसायचं कुणी, यावर दोघांचं भांडण झालं. शेवटी गिरणीवाला परशू एक काळी बाटली घेऊन आला. काजूच्या सालीचं तेल.

"आमच्या गोठ्याच्या खांबास्नी चाळीस वर्सामागं लावलंय. किड्याचा बाप येणार न्हाई."

"पण यावर नक्षी आहे—"

"नक्षीला काय हुतंय? लावा तुमी."

गुरुदासरावांनी नाही म्हटलंही असतं. पण दीपालीने तोवर व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता आणि त्यात सुनयनाबाई, मांडीवर नात घेऊन, काळजीने डोळे बारीक करून बघत होत्या. नाही कसं म्हणणार? ज्या कपाटाचं गेला आठवडाभर मरण सांगितलं, त्याच्या औषधाला नाही कसं म्हणणार? गुरुदासरावांनी ब्रश बुडवला आणि मारला. पांढरा पोपट बघता बघता काताच्या रंगाचा झाला. त्यांनी घाईघाईने हाताने पुसायला घेतलं, तर पोपट आणखी पसरला, आणि काजूच्या तेलाचा गुण असा की हात लगेच भाजल्यासारखे पेटले.

फोनमधला चेहरा अगदी जवळ आला. मग सुनयनाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्ये. तुमच्या हाताला लागलं काय? खोबरेल लावा आदी."

त्या दुपारी गुरुदासराव खोबरेल लावलेले हात वर धरून त्या कपाटासमोर स्टुलावर बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. तिचं माहेर आपण आपल्या हाताने खराब केलं आणि ती आपला हात विचारते. खरं सांगून टाकावं असं ठरवून त्यांनी फोन उचलला, पण फोड आलेल्या बोटांनी त्याचं कुलूप उघडेना. निदान त्यांनी स्वतःची समजूत तरी अशीच घातली.

सुनयनाबाई तरीही आल्या नाहीत. त्यांनी आपल्या भावाला, महाबळेश्वरांना, पाठवलं. दिग्गीत फोनला रेंज नाही, म्हणून वस्तीच्या बसच्या कंडक्टरकडे निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी महाबळेश्वर डोक्यावर कंदमुळांचं पोतं घेऊन हजर झाले. साठी उलटलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पोतं उतरवलं, कपाटाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि काताच्या रंगाच्या पोपटापुढे येऊन थांबले.

"दाजी, ह्ये हितं बरं व्हायचं न्हाई. जोयड्याला नागू मेस्त हाय, सुतारकामात त्याच्यासारखा दुसरा न्हाई. त्याच्याकडं न्यायचं. बायची आज्ञा हाय."

बायची, म्हणजे सुनयनाबाईंची, आज्ञा मोडायची गुरुदासरावांची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप आली. सहा जणांनी कपाट उचललं, त्यात डाव्या दाराची खरोखरची बिजागरी निखळली. उंबऱ्यावर एक पाय टेकला, त्यात पायाची खरोखरची कपची उडाली. खोटं म्हणून सांगितलेल्या एकेका गोष्टीला आता पुरावा तयार होत होता. दार दोरीने बांधलं. आतले कपडे काढू म्हटलं तर महाबळेश्वर म्हणाले, "बायच्या कापडांस्नी कुणी हात लावायचा न्हाई."

रस्त्यातल्या जंगल खात्याच्या नाक्यावर गाडी थांबली. फॉरेस्टर गणपती म्हणून एक तरुण, नम्र गृहस्थ होते. त्यांनी गुरुदासरावांना ओळखलं, नमस्कारही केला. मग ताडपत्री वर केली. "सर, हे शिसवी दिसतंय. पास आहे का?"

"घरातलं जुनं कपाट आहे हो."

"जुनं आहे ते दिसतंय, सर. विचारलं फक्त." तेवढ्यावर निभावलंही असतं. पण गणपतींनी सहज म्हणून वेलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पांढरं काय?"

महाबळेश्वर दोन दिवसांत पहिल्यांदाच उत्साहाने पुढे आले. तीन पिढ्यांचा अभिमान त्यांच्या छातीत भरला होता. "अस्सल हस्तिदंत!" ते म्हणाले. "हत्तीच्या दाताचं हाय. आमच्या पणज्यानं आणलंय. सगळ्या दिग्गीला ठाऊक हाय, कुणालाबी इचारा!"

गणपतींचं बोट वेलीवरून हळूच उचललं गेलं. "हौदा?" ते म्हणाले. खरंच का, एवढाच त्या कानडी शब्दाचा अर्थ. पण तो शब्द गुरुदासरावांनी स्वतः नोकरीत अशाच सुरात हजारदा वापरला होता, आणि पुढे काय होतं ते त्यांना पाठ होतं.

कपाट उतरवून जंगल खात्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात ठेवलं गेलं. हत्तीचा दात नाही असं सिद्ध होईपर्यंत ते तिथून हलणार नव्हतं. मालकीचा कागद? नव्हता. लाकूड कुठल्या झाडाचं? ठाऊक नाही. झाड कुठल्या सर्वे नंबरात? "त्या वेळी गोव्यात पोर्तुगीज होते हो!" गुरुदासराव म्हणाले. तिथल्या कारकुनाने शांतपणे 'सर्वे नंबर: पोर्तुगीज' असं लिहून घेतलं. गुरुदासराव तीन दिवस बसने येत राहिले आणि तीन दिवस बाकावर बसले. आपल्याही टेबलासमोर असा एक बाक होता, आणि त्यावर कोण कोण बसायचं हे आपण कधी मान वर करून पाहिलं नाही, हे त्यांना तिथे बसल्यावर आठवलं. फोनवर ते फक्त 'कपाट जोयड्याच्या वाटेवर आहे' म्हणत. ते खोटं नव्हतं.

दाताची तपासणी करणार कोण, हा प्रश्न जनावरांच्या डॉक्टरकडे गेला. "मी जिवंत जनावरं बघतो," असं दोनदा कुरकुरून ते भिंग घेऊन आले. महाबळेश्वर श्वास रोखून उभे राहिले. डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या एका पानावर भिंग धरलं, डोकं तिरपं केलं आणि म्हणाले, "बारीक ठिपके आहेत. हस्तिदंतात असे नसतात. हाड आहे. बैलाचं असेल."

गुरुदासराव सुटले. महाबळेश्वर मात्र पायरीवर बसले ते उठेनात. "बैलाचं," एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले. "दिग्गीत कुणाला सांगू नगा, दाजी." गुरुदासरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एखाद्याचा हत्ती असा डोळ्यांदेखत बैल होणं ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

आता एवढंच राहिलं होतं की पंचनामा करून कपाट सोडून द्यायचं. कानडी कचेऱ्यांत त्याला महजर म्हणतात. गणपती म्हणाले, "सर, तुम्हीच लिहा. तुमच्यासारखा महजर या तालुक्यात कुणी लिहीत नाही." चार दिवसांत गुरुदासरावांच्या जखमी मानावर पडलेली ही पहिली फुंकर. त्यांनी चष्मा पुसला, फोड सुकलेल्या बोटांत पेन धरलं आणि समास आखला.

आतल्या वस्तूंची यादी करायची म्हणून दोरी सोडली. डावं दार उघडलं आणि वाळलेल्या सुरंगीचा वास व्हरांडाभर पसरला. सुनयनाबाई साड्यांच्या घड्यांत सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, ठेवायच्या. कचेरीतला कारकूनसुद्धा मान वर करून बघायला लागला.

गणपती एकेक घडी उचलून दाखवत आणि गुरुदासराव लिहीत. हिरवं इरकल, प्रियांकाच्या बारशाचं, स्थिती चांगली. जांभळी साडी, आपल्या बढतीच्या वेळची, स्थिती चांगली. मोतिया रंगाची, हिला ती आवडली नव्हती, आपण आणली म्हणून नेसायची, स्थिती चांगली. एकही साडी त्यांना विचारावी लागली नाही. आपल्याला हे सगळं ठाऊक आहे हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. मग गणपतींनी एक निळी सुती साडी वर धरली, धुऊन धुऊन विरलेली. ती घरात नेसायची. पुण्याला नेली नव्हती, कारण सव्वा महिन्यात परतायचं होतं. गुरुदासरावांनी 'निळी, रोजची' असं लिहिलं आणि पुढचं अक्षर त्यांना दिसेना.

"सर, पुढचं कलम," गणपती हळूच म्हणाले. "वस्तू हलवण्याचं कारण."

पेन थांबलं. 'कीड लागल्याने दुरुस्तीसाठी' एवढंच लिहायचं होतं. सगळ्या रामनगरला ते तोंडपाठ होतं. पण हा सरकारी कागद होता, वर त्यांनी स्वतः आखलेला समास होता, आणि खाली त्यांची सही व्हायची होती. गुरुदासरावांनी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मग आपल्या सुबक, गोलाकार कानडी अक्षरात लिहून टाकलं.

गणपतींनी रीतीप्रमाणे पंचांसमोर वाचायला घेतलं. "'सदर कपाटास कोणतीही कीड लागलेली नव्हती व नाही. निम्न सही करणाराची पत्नी आठ महिन्यांपासून घरी नसून, तिच्याशिवाय निम्न सही करणारास करमत नाही. तसे तिला सांगता न आल्याने, ती परत यावी म्हणून कपाट नादुरुस्त असल्याचे खोटे सांगण्यात आले. कपाटाचे झालेले सर्व नुकसान त्यानंतरचे आहे.'" मग गणपतींनी ते मनाशी पुन्हा एकदा वाचलं.

महाबळेश्वर उठून उभे राहिले. "दाजी! म्हंजे किडा न्हाईच?"

"नाही."

"आनि मी त्ये पोतं डोक्यावर घिऊन..." त्यांनी गुरुदासरावांचा फोन घेतला, रेंजसाठी अंगणातल्या ओंडक्यांच्या ढिगावर चढले आणि बहिणीला फोन लावून सगळा महजर आपल्या भाषेत, मोठ्या आवाजात, ऐकवला. मग खाली उतरून फोन गुरुदासरावांच्या हातात दिला. "घ्या. बोला."

गुरुदासराव ढिगावर चढले. पलीकडे नात काहीतरी बडबडत होती.

"अवो," सुनयनाबाई म्हणाल्या, "ह्ये खरं हाय?"

"कागदावर लिहिलंय," गुरुदासराव म्हणाले.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?" त्यांचा आवाज भरून आला होता, त्यात रागही होता. "दुसऱ्याच म्हयन्यात मी तुमास्नी म्हणलं, तिकडं एकटं काय करताय, हिकडं या. तुमी म्हणलासा, घराकडं कोण बघणार. प्रियांकानं तुमच्यासाटी खोली लावून ठिवलीया, खिडकीपाशी खुर्ची ठिवलीया पेपर वाचायला. मी रोज फोन घेऊन बसायची. म्हणलं आज परत इचारते, उद्या इचारते. तवर तुमी त्या कपाटाचं दुखणं काढलासा. मी म्हणलं, झालं, आता कसलं येत्यात."

"पण तू... तू दीपालीला पाठवलंस, महाबळेश्वरांना पाठवलंस..."

"मग काय करू? त्ये एकदा बरं झालं म्हंजे तुमी मोकळं व्हशीला म्हणून धाडत हुते. तुमी मोकळं व्हावं म्हणून!"

गुरुदासरावांना खाली बसावंसं वाटलं, पण ओंडक्यांच्या ढिगावर बसायला सोय नव्हती. त्यांनी वर आभाळाकडे बघितलं, मग व्हरांड्याकडे. बिजागरी निखळलेलं, पाय कपचलेलं, डागाळलेलं ते कपाट एक दार उघडं टाकून उभं होतं.

"त्याची अवस्था फार वाईट झालीय गं," ते म्हणाले. "तुझ्या कपाटाची. या वेळी खरंच सांगतोय. दार गेलं, पाय गेला. मी कसं..."

"जाऊ दे. दादा घिऊन जाईल मेस्ताकडं." त्या म्हणाल्या. "तुमी या."

जे दोन शब्द गुरुदासरावांना आठ महिने जमले नव्हते, ते असे सहज, घरातल्या आवाजात, समोरून आले होते.

"ऐकलासा काय? या म्हणते मी."

"आलो," गुरुदासराव म्हणाले. मग ते जपून खाली उतरले, महजरावर सही केली, खाली तारीख घातली, आणि बाहीने डोळे पुसत गणपतींना विचारलं की पुण्याच्या गाडीसाठी लोंढा स्टेशनाला जायला इथून पुढची बस किती वाजता आहे.